मार्क कमी आहेत म्हणून घाबरून सीट बुक करू नकोस

पत्र थोडक्यात असं: सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली मुलगी, वय १८, ओबीसी. दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यम, दहावीला ९१ टक्के. मग दोन वर्षं लातूरला क्लास आणि हॉस्टेल. बारावी सायन्सला ५४ टक्के, पीसीएमचे (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) मिळून ४९ टक्के, त्यात गणितात ३८. सीईटीला, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेला, ४१ पर्सेंटाइल. वडिलांचं छोटं हार्डवेअरचं दुकान, उत्पन्न आठ लाखांच्या बरंच खाली. एका एजंटने पुण्यातल्या कॉलेजात कॉम्प्युटरची मॅनेजमेंटची सीट देतो म्हणून दीड लाख रोख मागितलेत, फी वेगळी, आणि आठवड्यात बुक केलं नाही तर सीट जाईल म्हणतोय. आई सोनं गहाण टाकायला निघालीये. काकू म्हणते गावातच बीएस्सी कर, क्लासचे सर म्हणतात ड्रॉप घे. ती विचारतेय, मला कुठे ॲडमिशन मिळेल का, की पैसे भरणं हाच रस्ता आहे, की एक वर्ष ड्रॉप घेऊ? आणि शेवटी एकच ओळ, "ताई, मी ढ आहे का?"

अगं, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते म्हणजे घरात सगळ्यांचाच जीव जरा भांड्यात पडेल. हो, मिळेल. इंजिनिअरिंगची ॲडमिशन तुला कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, मिळू शकते, एक रुपया डोनेशन न देता. आपल्याकडे इंजिनिअरिंगला बारावीच्या पीसीएमला ओपनला ४५ टक्के लागतात आणि राखीव प्रवर्गाला ४०, तुझे ४९ आहेत, आणि सीईटीचा स्कोअर शून्य नसला की तू पात्र, अमुक पर्सेंटाइल हवेतच अशी अट नाही. पुढचं मेरिट लागतं ते सीईटीवर, तुझे ते ५४ टक्के तिथे कुणी बघत बसत नाही, दोघांचे पर्सेंटाइल अगदी सारखे आले तरच बारावी मध्ये येते. आणि जागांचं म्हणशील तर २०२५-२६ ला राज्यातल्या इंजिनिअरिंगच्या जागा दोन लाखांच्या वर गेल्या होत्या आणि सगळं संपल्यावर त्यातल्या तीस हजारांहून जास्त रिकाम्याच राहिल्या. सीओईपी, व्हीजेटीआय, पीआयसीटी असल्या ठिकाणी कॉम्प्युटर ९९ च्या आसपास किंवा वरच बंद होतं, तिकडे बघूच नकोस, पण त्याच राज्यात अशीही कॉलेजं आहेत जिथे शेवटच्या राऊंडला एक आकडी पर्सेंटाइलवाल्यांना सीट मिळते. तुझे ४१ आहेत.

म्हणजे सीटची टंचाई नाहीये. टंचाई आहे ती चांगल्या कॉलेजातल्या कॉम्प्युटर आणि एआयच्या सीटची. आणि एजंट लोक नेमकी हीच गोष्ट लपवतात, तुझ्यासारख्या घरात जाऊन "कुठेच लागणार नाही, मी लावून देतो" असं सांगतात आणि जे फुकट मिळणार होतं त्याचेच पैसे घेतात. तुझं पत्र वाचल्यावर मला मार्कांपेक्षा जास्त काळजी तुझ्या आईच्या सोन्याची वाटली, खरं सांगते.

आता त्या दीड लाखाचं नीट ऐक आणि जमलं तर हा भाग वडिलांना वाचून दाखव. खाजगी कॉलेजात काही जागा इन्स्टिट्यूट लेव्हलच्या असतात, आपण ज्याला मॅनेजमेंट कोटा म्हणतो, त्या असणं कायदेशीर आहे, पण त्यासुद्धा जाहिरात देऊन, थेट कॉलेजात अर्ज घेऊन, मेरिटनेच भरायच्या असतात, एजंटच्या डायरीत नाव लिहून नाही. फी किती घ्यायची हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, कॉलेजवार आकडे त्यांच्या साइटवर असतात. त्याच्या वर रोख मागणं म्हणजे कॅपिटेशन फी, आणि त्याला महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. रोख पैशाला पावती नसते, त्यामुळे उद्या त्याने हात वर केले तर वडील कुणाकडे आणि काय घेऊन जाणार?

पण याहूनही मोठं नुकसान वेगळंच आहे आणि ते तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक कोर्सेसची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे, ८ जुलै २०२४ चा जीआर आहे तो. आधी ओबीसीला निम्मी माफी होती, मुलींसाठी ती पूर्ण केली. खाजगी कॉलेजातसुद्धा मिळते. पण अट अशी की ॲडमिशन कॅपमधूनच झालेली पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस तर माफी नाही, अभिमत किंवा खाजगी विद्यापीठात गेलीस तरी नाही. म्हणजे वडील दीड लाख रोख देणार, वर चार वर्षं पूर्ण फी भरणार, आणि सरकार जी फी भरायला तयार होतं त्यावर पाणी सोडणार, हे सगळं कशासाठी तर ज्या मेरिटला तुला कॅपमधून थोडं लांबचं किंवा वेगळ्या ब्रँचचं काहीतरी मिळालंच असतं त्यासाठी. हॉस्टेल, मेस, डेव्हलपमेंट फी या गोष्टी माफीत धरत नाहीत, त्या भराव्या लागतील, त्याचा हिशोब घरात आधीच मांडा. अर्ज महाडीबीटीवर, सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, करायचा, दर वर्षी, विसरायचं नाही.

(हे वाचणाऱ्या मुलग्यांसाठी: ओपन किंवा ईडब्ल्यूएस असाल आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी ट्यूशन फी मिळते, ओबीसी मुलग्यांनाही निम्मी, आणि तिथेही कॅपचीच अट आहे. टीएफडब्ल्यूएस म्हणजे ट्यूशन फी वेव्हर स्कीमच्या जागांवर ट्यूशन फी माफ असते पण त्या मोजक्या असतात आणि मेरिट वर जातं, तरी ऑप्शन फॉर्ममध्ये त्यांचा चॉईस कोड वेगळा असतो तो टाकायला काहीच जात नाही.)

आता ४१ पर्सेंटाइलकडे येऊ. पत्रात दोन ठिकाणी तू "४१ टक्के" असं लिहिलंयस. टक्के नाहीत ते. शंभर मुलांमागे ४१ जणांना तुझ्याइतके किंवा तुझ्यापेक्षा कमी मार्क आहेत असा त्याचा अर्थ. पीसीएमला चार लाखांवर मुलं बसतात, म्हणजे दीड लाखाहून जास्त मुलं तुझ्या मागे आहेत. तुझी मैत्रीण ९६ वर आहे म्हणून तुला तू एकटीच तळाला आहेस असं वाटतंय, लातूरच्या हॉस्टेलात आजूबाजूला सगळे तसेच असतात त्याचा हा परिणाम.

पण मी तुला फक्त बरं वाटेल असं बोलले तर ते तुझ्या कामाचं नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगते. रिस्पॉन्स शीटवरून तुझे २०० पैकी ५४ होतात असं तूच लिहिलंयस. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, चार पर्याय असतात, कुणी नुसती अंदाजाने उत्तरं निवडली तरी सरासरी पन्नासच्या आसपास मार्क पडतात. बारावीचंही तसंच. फिजिक्समध्ये तुला ५१ आहेत, त्यात प्रॅक्टिकलचे ३० पैकी २७-२८ असतीलच, ते बहुतेक सगळ्यांना मिळतात, मग ७० च्या लेखी पेपरात तुझे २३-२४ उरतात. हे आकडे तुला टोचतील पण बघ त्यातून काय दिसतंय. थोडं चुकलं, वेळ पुरला नाही, पेपर अवघड गेला असं नाहीये हे, दोन वर्षं वर्गात जे चाललं होतं ते तुझ्यापर्यंत पोचलंच नाही. आणि का पोचलं नाही हे तुझ्याच पत्रात आहे, फक्त तू ते तक्रार म्हणून नाही तर जाता जाता लिहिलंयस, की अकरावीत पहिल्या महिन्यात सर इंग्रजीत एवढ्या वेगाने शिकवायचे की वहीत उतरवून घ्यायचीस आणि रात्री रूमवर मराठीत अर्थ लावत बसायचीस आणि तोवर पुढचे दोन धडे झालेले असायचे.

दहावीपर्यंत "वेग, त्वरण, संवेग" म्हणून शिकलेली मुलगी अचानक दोनशे मुलांच्या बॅचमध्ये जेईईच्या स्पीडने इंग्रजीत फिजिक्स ऐकते आणि मागे पडते, आणि मागे पडलं की शेवटची बॅच, आणि शेवटच्या बॅचकडे बघायला कुणाला वेळ नसतो. तू ढ आहेस का असं विचारलंस. नाही. तुझा पाया कच्चा राहिलाय आणि तो का राहिला हे आपल्याला माहीत आहे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पण कच्चा राहिलाय हे मात्र खरं आहे, आणि पुढचा निर्णय त्यावरच ठरवायचा आहे, कारण इंजिनिअरिंगला गेलीस की पहिल्याच सेमला एम वन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर, येतो, मग एम टू, पुढे बहुतेक ब्रँचना एम थ्री. कमी मार्कांवर सीट मिळालेली मुलं अडकतात ती तिथे. ॲडमिशन झाली म्हणून पेढे वाटले जातात आणि वर्षाअखेर चार विषय राहिलेले असतात, मग एटीकेटी (राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्षात जाणं), मग इयर डाऊन, म्हणजे वर्षच वाया. म्हणून "मिळेल का" यापेक्षा "निभेल का" हे जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते एजंट, काकू, क्लासचे सर यांच्यापैकी कुणीच विचारत नाहीये.

ते तूच तपासू शकतेस आणि आत्ताच, कॅपचं वेळापत्रक पुढे सरकतंय तोवर. बालभारतीचं अकरावीचं गणिताचं पुस्तक काढ, त्रिकोणमिती आणि मग लिमिट्स, डिफरन्सिएशन, एवढंच. क्लासच्या नोट्स नाहीत, शॉर्टकट नाहीत. दोन आठवडे रोज दोन तास, पाहिजे तर मराठीत समजावणारे व्हिडिओ बघ, सोडवलेली उदाहरणं झाकून स्वतः कर. कुणी घाई करत नसताना, आपल्या भाषेत समजून घेतल्यावर जर उदाहरणं सुटायला लागली तर तुझा प्रश्न वेगाचा आणि भाषेचा होता. आणि तरीही रोज पुस्तक उघडायचा वीट येत असेल तर तेही मान्य कर, मग इंजिनिअरिंग हा हट्ट कुणाचा आहे ते घरात बोलायला पाहिजे. तू पूर्ण पत्रात कॉम्प्युटर कॉम्प्युटर लिहिलंयस पण तुला त्यातलं काय आवडतं ते एकदाही लिहिलेलं नाहीस, हे मला खटकलं.

आता पर्याय. ड्रॉपचं आधी सांगते कारण त्यावर माझं मत ठाम आहे. तुझ्या स्कोअरच्या पट्ट्यात मुलांची गर्दी खूप असते, त्यामुळे पंधरा-वीस मार्क वाढले तरी पर्सेंटाइल बरंच वर सरकतं, हे खरं आहे आणि क्लासवाले हेच दाखवून ड्रॉपर बॅच भरतात. पण त्याच क्लासला, त्याच इंग्रजी बॅचमध्ये, त्याच हॉस्टेलला परत जाणार असशील तर ड्रॉप घेऊ नकोस. जे दोन वर्षांत पोचलं नाही ते तिसऱ्या वर्षी त्याच पद्धतीने का पोचेल? ड्रॉप घ्यायचाच तर घरी राहून, अकरावीपासून सुरुवात करून, आणि त्या दोन आठवड्यांच्या तपासणीत उदाहरणं खरंच सुटली तरच. आणि कुणाचे पीसीएम ४० किंवा ४५ च्याही खाली असतील तर त्यांनी ड्रॉपच्या आधी बोर्डाची जून-जुलैची पुरवणी परीक्षा आणि श्रेणीसुधारचा फॉर्म बघावा, कारण तिथे अडचण पात्रतेचीच असते.

काकूच्या बीएस्सीला तू नाक मुरडलंयस. मी एवढं म्हणेन की तालुक्याच्या कॉलेजात नुसतं नाव घालून घरी बसायची बीएस्सी असेल तर तू बरोबर आहेस. पण बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स नीट शिकवणारी कॉलेजं आपल्याकडे आहेत, तीन वर्षांनी एमसीएची सीईटी देता येते, आणि बारावीला गणित असलेल्या बीएस्सीवाल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षालाही अर्ज करता येतो. बीसीएचं मात्र लक्षात ठेव, २०२४ पासून त्याला वेगळी सीईटी आहे.

आणि मग डिप्लोमा, ज्याचा तुझ्या पत्रात उल्लेखच नाही, कदाचित बारावीनंतर डिप्लोमा म्हणजे मागे जाणं असं घरात वाटत असेल. तुझ्या परिस्थितीत मी सगळ्यात जास्त वेळ याच पर्यायावर घालवला असता. बारावी सायन्स झालेल्यांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दोन वर्षांत डिप्लोमा हातात येतो आणि मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तिथे सीईटी नाही, मेरिट लागतं ते डिप्लोमाच्या मार्कांवर. म्हणजे ४१ पर्सेंटाइल आणि ४९ टक्के हे दोन्ही आकडे तिथे कुणी विचारतच नाही, पाटी कोरी होते, आणि डिप्लोमाला चांगले मार्क पाडलेली मुलं अशा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला बसतात जिथे सीईटीवर त्यांचं नावही लागलं नसतं. एकूण पाच वर्षं लागतात, चारच्या ऐवजी. ड्रॉप घेऊन इंजिनिअरिंग केलंस तरी पाचच लागतात, फरक इतका की इथे मध्ये एक डिप्लोमा हातात असतो, त्यावर नोकरी लागू शकते. सरकारी पॉलिटेक्निकची फी मुळातच कमी असते, सोलापुरातच एक आहे, घरापासून लांब नाही. एमएसबीटीईने, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाने, डिप्लोमाला मराठी-इंग्रजी द्विभाषिक पर्यायही आणलाय, म्हणजे तुझी जी मूळ अडचण आहे तिच्यावरच इलाज. थेट दुसऱ्या वर्षाला बसलीस की पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग वगैरे बाकीच्यांना आलेलं असतं आणि तुला नवीन असतं, सुरुवातीचे दोन-तीन महिने दमछाक होते, ते गृहीत धर.

पण अर्ज दोन्हीकडे कर. डिप्लोमाची प्रक्रिया वेगळी, डिग्रीची कॅप वेगळी, एकीकडे फॉर्म भरला म्हणून दुसरीकडे बंद होत नाही.

कॅपचं आता जरा बारकाईने सांगते कारण कमी मेरिटच्या मुलांचं नुकसान मार्कांपेक्षा फॉर्मच्या चुकांमुळे जास्त होतं. सीईटी आणि कॅप चालवणाऱ्या सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफ असतात, राऊंडप्रमाणे वेगवेगळ्या. बहुतेक जण पहिल्या राऊंडची बघतात आणि हाय खातात. तू शेवटच्या राऊंडची उघड. प्रत्येक ब्रँचखाली एक तक्ता असतो, वर जीओपनएच, एलओपनएच, जीओबीसीएच, एलओबीसीएच अशी अक्षरं, त्यात सुरुवातीचा एल म्हणजे मुलींच्या राखीव जागा आणि जी म्हणजे सर्वसाधारण. खाली चौकटीत दोन आकडे, वरचा मेरिट नंबर आणि कंसातला पर्सेंटाइल. तुला बघायचाय तो ओबीसीच्या एल आणि जीचा कंसातला आकडा, त्याबरोबर ओपनचाही, कारण तिथेही तू चालतेस. वहीत लिही, कुठे ३० ते ५० च्या मध्ये काय काय बंद झालंय. मग तुला दिसेल की एकाच कॉलेजात कॉम्प्युटर कुठे बंद होतंय आणि ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन), इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, सिव्हिल कुठे. ईअँडटीसी, इलेक्ट्रिकल घेऊन नंतर सॉफ्टवेअरमध्ये गेलेले ढिगाने आहेत, आणि बऱ्या कॉलेजातलं इलेक्ट्रिकल हे रिकाम्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरपेक्षा मी कधीही वर ठेवीन.

ऑप्शन फॉर्म भरताना आवडीच्या क्रमाने भर, कटऑफच्या क्रमाने नाही. "वरचं भरलं तर खालचं जाईल" हा मोठा गैरसमज आहे, वरचं नाही मिळालं तर मशीन आपोआप खालचं बघतं. भरपूर भर, पण जिथे खरंच जाणार नाहीस ते नाव टाकूच नकोस. कारण २०२५ पासून चार राऊंड आहेत आणि नियम असा की पहिल्या राऊंडला एक नंबरचा पर्याय लागला, दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी लागला तर सीट आपोआप फ्रीझ होते, मग पुढच्या राऊंडला जाता येत नाही. वर फुकाची नावं टाकणारे इथे फसतात. सीट घेताना हजार रुपये सीट ॲक्सेप्टन्स भरायचे असतात ते मुदतीत भर. आणि प्रवेश घेतल्यावर मन बदललं, म्हणजे समज डिप्लोमाला चांगलं लागलं, तर ठरलेल्या तारखेच्या आत रद्द केल्यावर हजार रुपये कापून बाकी फी कॉलेजला परत द्यावी लागते, "ओरिजिनल देणार नाही" असं कुणी म्हणालं तर ते चुकीचं आहे.

कॉलेज बघायला स्वतः जा. ज्या कॉलेजात जागा रिकाम्या राहतात तिथले सर लोक गावोगाव घरी येतात, बस फ्री, लॅपटॉप फ्री असं सांगतात, त्यांनाही ॲडमिशन आणायचं टार्गेट असतं बिचाऱ्यांना, त्यांच्याशी नीट बोल पण त्यावर ठरवू नकोस. कॉलेजचं गेट, लॉन, बिल्डिंग बघून यायचं नाही. दुपारी कँटीनमध्ये जा आणि सेकंड इयरच्या मुलींना विचार, एम वन कोण शिकवतं, तास खरंच होतात का, पहिल्या वर्षी तुमच्या वर्गातल्या किती जणी ऑल क्लिअर झाल्या, हॉस्टेलला पाणी आणि जेवण कसं आहे. त्यांना खोटं बोलायचं काही कारण नसतं. ऑफिसात विचारायचं ते एवढंच की तुझ्या ब्रँचला एनबीए आहे का, एनबीए आणि नॅक ही दर्जाची मानांकनं, नॅक सगळ्या कॉलेजचं असतं, एनबीए ब्रँचचं असतं, पोस्टरवर दोन्ही एकत्र छापतात. प्लेसमेंटचा सगळ्यात मोठा पगार सांगायला लागले तर शेवटच्या वर्षाला एकूण मुलं किती होती आणि त्यातल्या किती जणांना लागली हे विचार.

पुणंच का, हेही घरात एकदा बोला. पुण्यात क्लासेस, इंटर्नशिप, ओळखी जास्त, मान्य. पण पुण्यातलं हॉस्टेल, मेस, येणं-जाणं हे फी माफीत बसत नाही आणि ते चार वर्षं चालतं. सोलापूर, पंढरपूर, सांगोला या बाजूलाही इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, यादीत ती दिसतीलच, त्यातलं बरं कुठलं ते वर सांगितलंय तसं शोध. आणि पुण्याच्या यादीत असेल तर हेही बघ की पिंपरी चिंचवडच्या पीसीसीओई या इंजिनिअरिंग कॉलेजात २०२१ पासून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मराठीतून शिकवायची वेगळी तुकडी आहे. तुझ्या पर्सेंटाइलला ती लागणं अवघड, पण मराठीतून आलेल्या मुलांना असं काही आहे हेच माहीत नसतं म्हणून सांगितलं, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

कागदपत्रांमध्ये तू फक्त जातीचा दाखला आहे असं लिहिलंयस. नॉन क्रिमी लेयर आहे का, आणि ते पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं आहे का? जात पडताळणीचा अर्ज बारावीत कॉलेजमार्फत केला होतास का? पडताळणी हातात नसेल तर अर्जाची पावती दाखवून तात्पुरतं चालतं पण दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र दिलं नाही तर तुला ओपनमध्ये धरतात, आणि मग मघाशी सांगितलेली फी माफी आणि ओबीसीचं कटऑफ दोन्ही हातचं जातं. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून लागेल. जून-जुलैत सेतूत रांगा लागतात आणि सर्व्हर बसतो, त्यामुळे गणिताचं पुस्तक उघडायच्या आधी उद्या सकाळी वडिलांबरोबर तिथे जा.

वडिलांशी बोलताना एक सांभाळ. त्यांना पैशाची हौस आलेली नाही, मुलगी ९१ वरून ५४ वर आली आणि आपण तिला लांब ठेवलं म्हणून असं झालं असं त्यांना वाटत असणार, दीड लाख भरून ते त्याची भरपाई करू बघताहेत. "तुम्हाला काही कळत नाही" या सुरात गेलीस तर ते अडून बसतील. जीआरचा कागद आणि कटऑफच्या पीडीएफचं ते पान प्रिंट काढून त्यांच्यासमोर दुकानात ठेव, आणि एजंटला फोन त्यांनाच करू दे, एकच वाक्य विचारायला सांग: "दीड लाखाची कॉलेजच्या नावाची पावती देणार का?" त्यानंतर काय ठरतं ते मला लिही, आणि त्या त्रिकोणमितीचं काय झालं तेही, कारण डिप्लोमा की डिग्री हे मला त्यावरूनच नीट सांगता येईल.